दोन फेरीबोटी

नर्सनं शिशाच्या जाड डब्याचं झाकण उघडलं
आणि दोन पावलं मागे सरली.
आत एक कॅप्सूल. साधी, गुळगुळीत,
सर्दीची असावी तशी.
कागदी पेल्यातल्या पाण्याबरोबर गिळली.
आल्बोर्गला त्या दिवशी गारा पडत होत्या.

हे आईकडून आलेलं.
लिमफ्योर्डच्या पश्चिमेला, आमच्या विहिरींच्या पाण्यात
आयोडीन नावालाच.
आई प्रत्येक फोटोत कॉलरला ब्रोच लावून,
हनुवटी जराशी खाली.
माझ्या गळ्यात तीन गाठी, त्यातली एक उतावळी,
कुणी सांगो न सांगो, रात्रंदिवस चूल पेटती ठेवणारी.
डॉक्टर स्कोउबो म्हणाले, हिला तेवढी विझवू.
आयोडीनची भुकेली आहे ना?
आयोडीनच वाढू. पण जळतं.

काही दिवस आल्बर्टेनं जवळ यायचं नाही.
सहा वर्षांची नात. तिनं खडूनं
अंगणातल्या फरशीवर रेघ ओढली:
आजी, तू तिकडे. मी इकडे.
रेघेपलीकडून ती मला कोडी घालायची,
उत्तर चुकलं की खूश व्हायची.

मे महिन्यात मी बरी होते.
तसं कागदावर आहे, सहीशिक्क्यासकट.

ऑगस्टमध्ये किल्ली कुलपात जाईना.
हात नाही, कुलूपच थरथरतंय, असं मी स्वतःला सांगितलं.
लोण्यातले बटाटे ताटभर खाल्ले
आणि उठताना स्कर्ट कमरेवरून घसरला.
रात्री नाडी मोजली. एकशे अठरा.
मोजायची सवय जुनी.
एकतीस वर्षं व्हेस्टरसुंडच्या फेरीबोटीवर गाड्या मोजल्या,
एकही चुकली नाही.

डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं.
गाठ विझली आहे, म्हणाले. ही दुसरी आग.
गाठ जळताना भिंत पडली,
आतलं सामान रस्त्यावर आलं,
आणि रक्तातल्या पहारेकऱ्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं,
सत्तर वर्षं एकाच घरात राहून.
आता सगळं घरच त्यांना परक्याचं वाटतं.
असं फार थोड्यांना होतं, ते म्हणाले.
मी थोड्यांतली.

आणि हे पहारेकरी मारत नाहीत, तेच विचित्र.
दारावरची घंटा दाबून धरतात.
ऊठ, ऊठ, काम कर.
उतावळीच्या शेजारी जो भाग इतकी वर्षं निवांत पडून होता,
गोळीनं ज्याला हात लावला नाही,
त्यालाही उठवून बसवलं.

कुणावर रागवायचं?
गोळीनं आपलं काम चोख केलं.
पहारेकरीही कसे तत्पर.
माझ्या अंगात एकही कामचुकार नाही,
हीच पंचाईत.

आल्बर्टे दारातच थबकली.
आजी, तू कशाला घाबरलीस?
मी घाबरले नव्हते. गाजरं सोलत होते.
पापण्या मागे, डोळे पुढे,
चेहरा माझ्याआधीच दचकून बसलेला.
गळ्याला ब्रोच होता.
डोळ्यांना काय लावू?

सकाळी गोळ्या, संध्याकाळी गोळ्या, थेंब, गॉगल.
रोज चारला आम्ही दोघी धक्क्यावर.
मला दोन फेरीबोटी येताना दिसतात,
एक पाण्यावर, दुसरी तिच्या खांद्याला खांदा लावून
थोडी वर, हवेत.
कोणत्या बोटीवर मी तिकिटं फाडली, सांगता येत नाही.
एक डोळा झाक, आल्बर्टे म्हणते.
मी झाकत नाही.
दोन्ही बोटींतल्या गाड्या मोजते, निम्म्या करते,
ती बोटांवर तपासते.
काल बावीस. अकरा. बरोबर आलं.

आज तेवीस.
मी पुन्हा मोजल्या. तेवीसच.
आल्बर्टेनं बराच वेळ विचार केला,
पाय धक्क्याच्या कडेवरून हलवत,
मग म्हणाली,
त्यातली एक एकटीच आली असेल.